इचारल्याबिगर

"कुलूप लाव म्हनलं ना? मग लाव की. माझ्या तोंडाकडं काय बघतो?"

छबुबाईने मोबाइल काउंटरवर असा आपटला, की शफीभाई ज्या फोनचं पोट उघडून बसला होता त्याचे दोन बारीक स्क्रू उडून खाली गेले.

"मावशी, हळू! फुटला तर मलाच शिव्या घालनार तुमी."

"घालीन. न्हाई फुटला तरी घालीन. तुझ्या दुकानात येऊन माझं कवा भलं झालंय, शफ्या?"

शफीभाई पुटपुटत काउंटरखाली वाकला. माजलगावात स्टँडसमोर मोबाइलचं दुकान चालवायचं म्हणजे भांडत येणारं गिऱ्हाईक रोजचंच; पण छबुबाई आली की तो जरा जपून बोलायचा. तालुक्यातली निम्मी लग्नं या बाईने जुळवलेली. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या पोराचं मोडलं, का मोडलं, सगळं तिच्या जिभेवर, आणि ती जीभ आजवर कुणाच्या बापाला भ्यायली नव्हती.

पूर्वी तिचा धंदा एका पिशवीत मावायचा. पोरीचा फोटो काढून दाखवायचा, समोरच्याचा चहा संपेपर्यंत बघू द्यायचा आणि परत पिशवीत टाकायचा. फोटो कुणाच्या घरी ठेवायचा नाही, हा तिचा नेम. मग फोन आला आणि नेमाची पार माती झाली. त्यात दिवस असे फिरले की पोरी कमी आणि बिनलग्नाची पोरं गल्लोगल्ली. पोरांचे बाप तिच्या दारात येऊन बसायचे. आधी हातापाया पडायचे, मग डोळे वटारायचे, जसं काही पोरी हिनेच कोठीत भरून ठेवल्यात.

असाच एक बाप, फोटो जरा मोठा करून बघतो म्हणून फोन हातात घेऊन बसला. छबुबाई हात धुवायला मोरीत गेली तेवढ्यात त्या मेल्याने सगळ्या पोरींचे फोटो आणि नंबर स्वतःला पाठवून घेतले. दिवस मावळायच्या आत ते कुठल्याशा लग्नाच्या ग्रुपवर गेले. पोरींचे फोन वाजायचे थांबेनात. कुणी लग्नाचं विचारी, कुणी नको ते विचारी. दिंद्रुडच्या विजयमालेचा बाप भर बाजारात उभा राहिला आणि त्याने छबुबाईच्या सात पिढ्या काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा छबुबाईला उलट बोलता आलं नाही, कारण बाप खरं बोलत होता.

विजयमाला नर्सिंग शिकलेली, पंचवीस-सव्वीसची. फोटो देताना एकच गोष्ट बोलली होती, "मावशी, मला इचारल्याबिगर दावायचं न्हाई." आणि हिने अख्ख्या जिल्ह्याला दाखवला.

"यास्मिन, तूच बघ बाई हिच्याकडं," शफीभाई स्क्रू शोधत म्हणाला. "एक पासवर्ड टाकून दे. छबु एक-दोन-तीन."

यास्मिन त्याची थोरली. बीडला जाऊन कॉम्प्युटरची डिग्री घेऊन आलेली, आणि रागाच्या बाबतीत छबुबाईच्या तोडीस तोड. "अब्बा, अख्ख्या गावाचे पासवर्ड तुमी नाव आन एक-दोन-तीन करून ठेवलेत. मनात आलं तर कुनाचं बी पत्र उघडून वाचाल तुमी!"

"मला येळ हाय का लोकांची पत्रं वाचायला? लोक इसरत्यात, मग माझ्या बोकांडी बसत्यात."

"ते काय सांगू नका." तिने छबुबाईला स्टुलावर बसवलं. "मावशी, आधी ई-मेल. तुमचं आताचं बंद. त्याची किल्ली अब्बाला माहीत, म्हंजे समद्या स्टँडला माहीत. हे दुसरं हाय. यात बायोडाटा आला तर कंपनीला सुदिक तो उघडता येत न्हाई."

"मालकालाच उघडंना असं कुलूप असतं व्हय? खोटं बोलत असतील मुडदे."

"त्यांनी आतलं सगळं काम उघडं ठेवलंय. बाहेरच्या लोकांनी तपासलंय."

"बाहेरचे कोन?"

"हीच कामं करनारे. माझ्यासारखे शिकलेले."

"मग तर झालंच!" छबुबाई म्हणाली, पण मान डोलावली. "आन ते जाहिरातीतलं बी टाक. व्हीपीएन. आपून कुठून बोलतोय ते कुनाला कळत न्हाई म्हने."

"तुमी कुठून बोलता ते बस हलायच्या आत सगळ्या प्याशिंजराला कळतं, मावशी." यास्मिनला हसू आवरलं नाही. मग ती नीट सांगू लागली. "ते फकस्त रस्ता झाकतं. आतला माल तुमी कुनाला दावला तर त्याला काय करनार? आन फुकटचं घेतलं तर ते देनाराच रस्त्यात बसून तुमचं सगळं बघतो. तुमचा चोर रस्त्यात न्हाईच. तुमचा चोर समोर बसून चा पितो. ते नको."

फोटो आणि पत्त्यांसाठी तिने दोन-तीन क्लाउड पाहिले. एक नुसतंच वर नेऊन ठेवायचं, आतलं कंपनीला दिसायचं. ते तिने नाकारलं. दुसरं फोनमध्येच कुलूप लावून मग वर पाठवायचं, ते घेतलं. फोन विहिरीत पडला तरी माल वर सुखरूप. आणि या सगळ्याच्या किल्ल्या एका पासवर्ड मॅनेजरमध्ये. किल्ल्यांचा जुडगाच म्हणा. त्या जुडग्याला एकच किल्ली, एक लांब वाक्य.

"कुठल्या पुस्तकात नसंल असं सांगा. आन तुमी मेल्याबिगर इसरनार न्हाई असं. एकदा इसरलात तर मी उघडू शकत न्हाई, अब्बा न्हाई, कंपनीचा मालक आला तरी न्हाई."

छबुबाई तिच्या कानाशी वाकली आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. यास्मिनने फोनवर मराठी अक्षरं आणली. "'विचारल्याशिवाय' असं टाकू ना?"

"मी काय मास्तरीन हाय? म्या बोलले तसं टाक. तिनं म्हनलं तसं टाक."

यास्मिनने तसंच टाकलं, मग छबुबाईकडून एकेक अक्षर दाबून घेतलं, ती चार वेळा चुकली तर चार वेळा तिच्यावर ओरडली. शेवटी कुलूप उघडलं. "झालं. आता एकच करा मावशी, हे कुनाला सांगत फिरू नका."

एवढं सोडून बाकी सगळं छबुबाईने ऐकलं.

तिची तरी काय चूक म्हणावी! आयुष्यभर बोलूनच पोट भरलेली बाई. बाजारात, लग्नात, बारशात, जिथे उभी राहील तिथे सांगू लागली, माझ्याकडं पोरींचे पत्ते असे कुलपात हायत की कंपनीच्या मालकाला उघडंना. त्या ग्रुपने तिचं नाव घालवलं होतं, ते तिला परत आणायचं होतं. आणि या बढाईतच एकदा तोंडातून निघून गेलं, की दिंद्रुडच्या पोरीचा नवा पत्ता तिच्या आईला माहीत नाही, पण छबुबाईला माहीत आहे.

ते खरंच होतं. त्या ग्रुपवरचा फोटो राधाकिशनरावांच्या युवराजने पाहिला होता. राधाकिशनराव म्हणजे कालव्याच्या पाण्यावरचा मैलभर ऊस आणि साखर कारखान्याचं संचालकपद. त्यांच्या पोराला नाही म्हणणारी पोरगी त्यांनी पाहिलेली नव्हती. विजयमाला नाही म्हणाली. मग युवराजची जीप दिंद्रुडच्या स्टँडवर उभी राहू लागली. ती बसमध्ये चढली की मागोमाग जीप. ही माझी आहे, हिच्याकडे कुणी बघायचं नाही, असं तो चार लोकांत बोलू लागला. एका सकाळी पोरगी गाव सोडून लांबच्या शहरात नोकरीला निघून गेली. नवा नंबर तिने आईलाही दिला नाही, कारण आई भोळी, कुणी गोड बोललं की सांगून टाकणार. छबुबाईला दिला. लग्न करायचं होतं तिला, पण तिच्या मर्जीने आणि लांब. तेवढा विश्वास तिने एकदा फसलेल्या बाईवर पुन्हा टाकला होता, आणि छबुबाईला त्याचं कोण अप्रूप होतं.

राधाकिशनरावांचा निरोप आला तेव्हा तिला वाटलं, थोरल्या पुतण्याचं स्थळ असेल. कालव्याकडच्या बंगल्यावर ती चांगलं लुगडं नेसून गेली.

"चा घ्या छबुबाई," राधाकिशनराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी मऊ. "त्या दिंद्रुडच्या पोरीचा पत्ता तुमच्यापाशी हाय म्हने."

छबुबाईने कपबशी खाली ठेवली. "तिनं न्हाई म्हनलंय, अण्णा. एकदा पोरगी न्हाई म्हनली की माझ्याकडं तो इषय बंद."

"तुझ्याकडं बंद असंल," युवराज खिडकीतून वळला. "माझ्याकडं न्हाई."

"तुझ्याकडं काय हाय आन काय न्हाई ते सगळ्या तालुक्याला ठावं हाय. जीप हाय, अक्कल न्हाई."

त्याने येऊन तिच्या मांडीवरचा फोन उचलला. तिचा अंगठा धरून त्यावर दाबला. छबुबाईने शिव्यांची अशी झोड उठवली की आतली मोलकरीण दारात येऊन परत गेली. फोन उघडला, पण आतल्या कुलपाची चौकट तशीच रिकामी आली.

"पासवर्ड सांग."

"तुझ्या मायला इचार."

"तिच्या हातात देऊ नको रे," राधाकिशनराव म्हणाले, "पुसून टाकील. छबुबाई, तुमचा सुरज आपल्या काट्यावर हाय न्हवं? ऊस मोजायला?"

छबुबाईची नजर फोनवरून त्यांच्याकडे वळली.

"चांगलं पोरगं हाय. पर सध्या काट्यात लई घोळ हुतोय म्हनत्यात लोक. कुनाच्या तरी नावावर टाकावा लागंल. पोलिसात द्यावं लागंल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लेकरं ल्हान हायत ना त्याची?"

या बाईला आजवर कुणी घाबरवलं नव्हतं असं लोक म्हणायचे, पण खरं म्हणजे कुणी नीट जागा बघून हात घातला नव्हता. सुरज तिचा एकुलता एक. नवरा गेल्यावर दारोदार हिंडून, लोकांच्या लग्नातलं उरलेलं बांधून आणून तिने त्याला वाढवलं होतं. तिला पोलिसांच्या गाडीत सुरज दिसला, आणि विजयमाला दिसेनाशी झाली.

"मला इचारल्याबिगर दावायचं न्हाई," ती म्हणाली.

युवराजने तिचा दंड धरून गदगदा हलवला. "कोन इचारनार गं तुला? तू कोन लागून गेलीस?"

"तसं न्हाई रे बाबा!" छबुबाई रडायला लागली. "तेच हाय. तेच वाक्य हाय त्याचं. मला इचारल्याबिगर दावायचं न्हाई. टाक तू. टाक आन सोड मला."

सांगितलं. कुणी मारलं नव्हतं, कुणी गळा धरला नव्हता, आणि छबुबाईने अक्षर न् अक्षर खरं सांगितलं.

युवराज हसला. "असलं व्हय! बघ अण्णा, काय पासवर्ड ठेवलाय." तो टाकू लागला. हा पोरगा बापाची भाषणं लिहायचा, चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवरचा मजकूर लिहायचा. मराठी अक्षरांवर त्याचं बोट झरझर चालायचं. त्याने बटण दाबलं. चौकट थरथरली आणि परत रिकामी झाली.

"चुकला म्हनतोय."

त्याने डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं, म्हणजे काय लिहिलं ते दिसावं. पुन्हा लिहिलं. छबुबाईने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या कोपराआडून पाहिलं. मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मला विचारल्याशिवाय दाखवायचं नाही.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्याकडे बोलायचं एक आणि लिहायचं एक. पोरगा तोंडाने दिवसभर न्हाई-न्हाई करतो, पण बोट टेकलं की शाळेतला मास्तर त्याचा हात धरतो. न्हाई असं कुणी कधी लिहिलंय? बापाने फोन घेतला असता तर त्यानेही हेच लिहिलं असतं.

युवराजने शेवटी टिंब देऊन पाहिलं. मग जागा न सोडता पाहिलं. "परत सांग. सावकाश सांग."

सांगायला एवढंच होतं, बाबा, बोलतो तसं लिही. राधाकिशनराव तिच्याकडे टक लावून बघत होते. सुरज अजून त्या गाडीतच होता, आणि तो सुटायला एक वाक्य पुरे होतं. छबुबाईने ओठ आत ओढले. एकदा सांगितलं ते सांगितलं, दुसऱ्यांदा तिने सांगितलं नाही.

"बोल की म्हातारे!"

युवराज आपल्या मनाने टाकत राहिला, तिचं नाव, सुरजचं नाव, देवांची नावं, आणि शेवटी फोनने कुलूपच गोठवून टाकलं. मग त्याने तो फरशीवर आपटला, वर टाच दिली. "खोटारडी! आमच्या घरात बसून आमचीच चेष्टा करती!"

"जा छबुबाई," राधाकिशनराव म्हणाले. "लई मोठ्या झालात तुमी."

दुसऱ्या दिवशी सुरजला काट्यावरून हाकललं. पोलिसांत दिलं नाही, एवढीच मेहेरबानी. त्याने घरी येऊन डबा भिंतीवर फेकला.

"आई, एक पत्ता! एक पत्ता सांगायला काय झालतं तुला? ती पोरगी तुझ्या पोटची हाय का मी?"

छबुबाई डब्यातून सांडलेला भात गोळा करत राहिली. काय सांगणार? सांगितलं होतं रे, तुझ्यासाठी सांगितलं होतं, असं म्हणावं तर पुढचं विचारेल, मग उघडलं कसं नाही? आणि मग त्याला सांगावं लागेल की पुन्हा सांगायची वेळ आली तेव्हा मी गप्प बसले. दोन्हीकडून तोंड काळं. सून आठवडाभर तिच्यापुढे ताट आपटून ठेवत होती. सुरज चौसाळ्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर गल्ल्यावर बसायला गेला. जाताना आईच्या पाया पडला नाही.

आणि गावात मात्र भलतंच सुरू झालं. बंगल्यावरच्या मोलकरणीने ही गोष्ट बाहेर नेली, अर्धी ऐकलेली. छबुबाईने राधाकिशनरावांच्या तोंडावर सांगितलं म्हणे, मला इचारल्याबिगर दावायचं न्हाई! पोराच्या नोकरीवर पाणी सोडलं, पण तोंड उघडलं नाही! पोरींच्या आया तिला ओट्यावर बोलावून बसवू लागल्या. शफीभाईची आई, म्हातारी हजराबी, फळांच्या गाड्यावरून उठून आली आणि तिच्या पिशवीत दोन डाळिंबं टाकली. "कलेजा हाय तुझ्यात, छबु."

छबुबाईने ती डाळिंबं घरी नेऊन ठेवली. ती सुकून टणक झाली तरी तिने फोडली नाहीत.

यास्मिनने तिला एक जुना फोन तयार करून दिला तेव्हा दुकानात ती आपटाआपट न करता बसली. शफीभाईलाच चुकल्यासारखं झालं. "मावशी, एखादी शिवी तरी घाला."

तिने स्वतःच्या बोटाने एकेक अक्षर दाबलं. मला. इचारल्याबिगर. दावायचं. न्हाई. कुलूप उघडलं, आणि सगळ्या पोरी जिथल्या तिथे होत्या. वर विजयमाला, दवाखान्याच्या पायरीवर उभी, ऊन लागल्यामुळे एक डोळा बारीक केलेला. छबुबाईने तिला फोन लावला.

"मावशी!" पलीकडून पोरीचा आवाज आला. "मला समजलं सगळं. मैत्रिनीनं सांगितलं. तुमी माझ्यासाठी एवढं केलं. तोंड उघडलं न्हाई म्हने."

"उघडलं," छबुबाई म्हणाली.

"काय?"

"म्या सांगितलं व्हतं, माला. तुझंच वाक्य, जसंच्या तसं. सुरजला धरतेत म्हनले, आन म्या सांगून टाकलं. त्याला ते लिव्हता आलं न्हाई. त्यानं शाळेतल्यावानी लिव्हलं. म्हनून तू वाचलीस. माझ्यामुळं न्हाई."

काउंटरवर यास्मिनचे हात थांबले. शफीभाई चिमटा धरून तसाच राहिला. पलीकडे दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. मी दुसऱ्यांदा नाही सांगितलं गं, त्यापायी पोराची नोकरी गेली, हे छबुबाईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"मावशी," पोरगी शेवटी म्हणाली, "माझं काढून टाका."

"आन स्थळ?"

"नका बघू. फोटो बी काढा, नंबर बी. आता मी हा पन बदलते."

"बरं," छबुबाई म्हणाली. फोन बंद झाला होता.

यास्मिनने कुठे दाबायचं ते दाखवलं. फोटो काळवंडला आणि वर एक ओळ आली, हे कायमचं काढून टाकायचं का? छबुबाईने ती ओळ वाचली. पहिल्यांदाच कुणीतरी आधी विचारत होतं. तिने अंगठा ठेवला आणि विजयमाला गेली.

"आता ते वाक्य बदल," ती यास्मिनला म्हणाली. "ते मला ठेवता यायचं न्हाई."

यास्मिनने जुनं पुसलं. चौकट रिकामी झाली. "सांगा, मावशी. कोनतं टाकू?"

छबुबाईने तोंड उघडलं, मग मिटलं. बाहेर दिंद्रुडची बस लागली, प्याशिंजर ओरडत दाराकडे धावले. यास्मिन अक्षरांवर बोट धरून थांबून राहिली.